उलट टपाली

ज्या पत्राचं उत्तर अनुस्वारांनी सेहेचाळीस वर्षं दिलं नव्हतं, ते त्यांच्या जाडजूड शब्दकोशात ‘ह’च्या पानांत ठेवलेलं होतं. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ‘हरकत’ हा शब्द काढून पाहिला होता. अर्थ त्यांना ठाऊक होता. पण ठाऊक असलेला अर्थ पुन्हा पाहून घेणं हा त्यांचा स्वभावही होता आणि पोटापाण्याचा धंदाही.

अनुस्वार हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकूर वाचून त्यातल्या चुका काढणारे. ‘एवढासा ठिपका, पण प्रत्येकाच्या डोक्यावर बसतो,’ असं म्हणून छपाईचे खिळे जुळवणाऱ्या एका वात्रट कामगाराने ते नाव ठेवलं, आणि ते निवृत्त झाले तरी नाव काही निवृत्त झालं नाही. खरं तर ते आयुष्यात कोणाच्या डोक्यावर बसले नव्हते. दुसऱ्याची चूक दाखवतानासुद्धा ती आपल्याच हातून झाल्यासारखा चेहरा करत.

पत्र धाकटीचं होतं. धाकटी म्हणजे त्यांची बहीण, अकरा वर्षांनी लहान. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि गावी आईवडिलांजवळ राहत होती. अक्षर असं, की ओळ डावीकडे जमिनीवर सुरू व्हायची आणि उजवीकडे माळ्यावर जाऊन पोचायची.

‘दादा,’ तिने लिहिलं होतं, ‘मी आमच्या संघात गोलात उभी राहते हे तुला माहीत आहे. आम्हाला परदेशात मुलींच्या स्पर्धेला बोलावलं आहे. खरंच बोलावलं आहे. बाबा म्हणतात मला यातलं काही कळत नाही, तुझा दादा शिकलेला आहे, त्याने सही केली तर जा. फॉर्म सोबत पाठवते. पंचवीस तारखेच्या आत पोचायला हवा. तू फक्त सही कर, बाकी मी बघते. उलट टपाली पाठव. या पत्रातल्या चुका नंतर काढ, आधी सही कर.’

त्यांनी सही करायला पेन उघडलंही होतं. पण वाचल्याशिवाय सही करायची म्हणजे न चावता गिळायचं. त्यांनी फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला. छापलं होतं ते असं: ‘माझ्या पाल्याने सदर स्पर्धेत भाग घेण्यास माझी कोणतीही हरकत असून, तिला होणाऱ्या दुखापतीची जबाबदारी माझी राहील.’

हरकत असून! हवं होतं ‘नसून’. जुळवणाऱ्याने ‘न’च्या जागी ‘अ’चा खिळा लावला होता, आणि एका अक्षराने परवानगीची मनाई झाली होती. दुरुस्त करावं, तर खाली ठळक छापलेलं: ‘खाडाखोड केलेला फॉर्म स्वीकारला जाणार नाही.’

मग अनुस्वारांनी तेच केलं, जे जगात फक्त एखादा मुद्रितशोधकच करील. फॉर्म काढणाऱ्या फुटबॉल संघटनेला अत्यंत अदबीने पत्र लिहिलं, चूक निदर्शनास आणली आणि शुद्ध फॉर्म पाठवण्याची विनंती केली. शुद्ध फॉर्म आला नाही. पंचवीस तारीख मात्र आली आणि गेली. बाकी सतरा मुलींच्या घरच्यांनी ‘असून’वर बिनदिक्कत सह्या ठोकल्या आणि सतरा मुली विमानात बसून गेल्या. एकीच्याच घरात वाचणारा माणूस होता. ती राहिली.

आपण नियमाने वागलो, असं अनुस्वारांनी मनाला बरीच वर्षं सांगून पाहिलं. मन काही खुळं नव्हतं. तिचा पाय मोडला असता तर बाबा ‘तू सही केलीस’ म्हणाले असते. ते त्यांना ऐकायचं नव्हतं, आणि फॉर्ममध्ये चूक सापडली तेव्हा खोल कुठेतरी हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं ते आजतागायत विसरले नव्हते. धाकटीला यातलं काही ठाऊक नाही, दादाने आळस केला एवढंच तिला वाटत असणार, अशी त्यांची समजूत होती.

दोघांत भांडण असं कधी झालं नाही. लग्नाकार्यात भेट होई. ‘कसा आहेस, दादा?’ ‘बरा आहे. तू?’ ‘मीही बरी.’ मात्र त्यांच्या शहरात, त्यांच्या घरी ती एकदाही आली नाही. दर वेळी कारण असे, आणि ते चांगलं असे.

यंदा मुलींच्या सतरा वर्षांखालील फुटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांच्याच शहरात भरली. आठ देशांचे संघ येणार, माहितीपुस्तिका छापायची, आणि संघटनेच्या कचेरीत शुद्धलेखनाचा आनंदीआनंद. कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं. ‘मला फुटबॉलमधलं काय कळतं?’ असं ते तीनदा म्हणाले आणि चौथ्यांदा गेले.

कचेरी मैदानाच्या पायऱ्यांखाली होती. वर कोणी चाललं की छत धडधडायचं. एका कोपऱ्यात जाळ्यांत भरलेले चेंडू, दुसऱ्यात जर्सींचे गठ्ठे, खिडकीच्या गजांना वाळत घातलेले गोलरक्षकांचे हातमोजे. जणू दहाबारा माणसं बाहेरून हात जोडून उभी आहेत. मधल्या टेबलावर कारकूनबाई. चाळिशीच्या, चष्मा केसांत, बोलणं फटाफट.

“काका, हे काय? पेनल्टीच्या जागी तुम्ही ‘दंडफटका’ लिहिलंत?”

“तो शुद्ध शब्द आहे,” अनुस्वार पुटपुटले.

“शुद्ध असेल हो. पण पोरी हसून हसून मैदानात लोळतील. पेनल्टीच ठेवा.”

“ठेवतो. पण इथे ‘पाहुण्या संघांचे हार्दिक सांत्वन’ छापलं आहे, तिथे ‘स्वागत’ केलं आहे. चालेल ना?”

कारकूनबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. “अहो, सामन्याआधीच सांत्वन! काका, तुम्ही देवासारखे भेटलात.”

अनुस्वारांना इतकं बरं वाटलं की त्यांनी लगेच पान उलटलं.

यजमान संघाची गोलरक्षक होती टिटवी, धाकटीची नात. आई दूरच्या इस्पितळात परिचारिका, वडील बोटीवर, म्हणून ती आजीपाशीच वाढली होती. टिटवी हे नाव तिला संघातल्या मुलींनी दिलेलं, कारण गोलातून ती जी ओरडे ती चार मैदानं पलीकडे ऐकू जाई. एका दुपारी सराव आटोपून ती तशीच, गुडघ्यांना माती लागलेली, कचेरीत आली आणि टेबलावर टेकून उभी राहिली.

“मामाआजोबा, एक काम आहे. तुमच्याशिवाय होणार नाही.”

ज्या कामाला आपल्यावाचून अडतं अशा कामांची अनुस्वारांना धास्ती होती. “कोणतं गं?”

“आम्हाला घरच्यांसाठी दोन-दोन पास दिलेत. आजीला म्हटलं ये, तर म्हणते गुडघे दुखतात. गुडघे! परवा अंगणात मला पेनल्टीचा सराव देत होती. स्वतः मारत होती, चपला काढून!”

“मग?”

“मग मी हट्टालाच पेटले. तर म्हणाली, ‘त्या शहरातून मला एका पत्राचं उत्तर यायचं आहे. ते आलं की निघते.’ मी म्हटलं कोणाचं पत्र? म्हणाली, ‘तुझ्या मामाआजोबांना विचार.’ कसलं पत्र हो?”

अनुस्वारांच्या हातातलं लाल पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. ते उचलायला वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ टेबलाखाली राहिले.

“जुनं आहे,” ते खालूनच म्हणाले.

“मग देऊन टाका ना उत्तर! फोन नका करू, फोनवर ती नुसतं हवापाणी बोलते. रविवारी उपान्त्य सामना आहे, म्हणजे आम्ही पोचलो तर. तिथे हरलो की संपलं. मामाआजोबा, तिने मला शिकवलंय सगळं. तिने मला मैदानात एकदा तरी बघायला नको का?”

“लिहितो,” अनुस्वार म्हणाले. “आजच लिहितो.”

त्या संध्याकाळी ते खरोखर लिहायला बसले. ‘चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. उत्तरास थोडा उशीर झाला.’ इथवर ठीक वाटलं. मग ‘थोडा’ शब्दाकडे नजर गेली. तो खोडला. ‘उत्तरास उशीर झाला’ हे वाचून वाटलं, हे तर बँकेच्या पत्रासारखं झालं. नवा कागद घेतला. ‘तुझे पत्र मिळाले’ यापुढे सेहेचाळीस वर्षं एका वाक्यात कशी बसवायची, ते कळेना. क्षमा मागावी तर कशाची? आळसाची की भित्रेपणाची? भित्रेपणाची मागायची तर आधी तो कबूल करायला हवा, आणि कबूल करायचा तर ‘असून-नसून’चं सगळं पुराण लिहायला हवं. ते वाचून ती म्हणणार, एका अक्षरासाठी? तीन दिवसांत अकरा कागद झाले. प्रत्येकावर ‘तुझे पत्र मिळाले’ होतं, आणि ते एकच वाक्य निर्दोष होतं.

मधल्या काळात मुली खेळत राहिल्या. मंगळवारी अनुस्वार पहिल्यांदाच सामना बघायला वर पायऱ्यांवर जाऊन बसले. खेळ त्यांना फारसा कळला नाही. टिटवी मात्र कळली. पांढऱ्या चौकटीत उभी राहून ती पुढच्या मुलींवर अखंड ओरडत होती: “डावीकडे! अगं डावीकडे, तुझी डावी! सोड तिला, मी आहे! मी आहे!” धाकटीचा आवाज अगदी असाच होता. घरात बाबा म्हणायचे, हळू बोल, भिंतींना कान असतात. आणि ही तर भिंतींनाच ऐकवायला उभी होती. सामना बरोबरीत सुटला आणि तेवढ्या गुणावर संघ उपान्त्य फेरीत गेला. मुलींनी टिटवीला उचलून धरलं. शेजारच्या अनोळखी माणसाने आनंदाच्या भरात अनुस्वारांना मिठी मारली आणि त्यांनी, काय करावं ते न सुचून, त्याला ‘धन्यवाद’ म्हटलं.

बुधवारी सकाळी कारकूनबाईंनी त्यांच्यापुढे एक जाड फाइल आपटली.

“काका, रविवारच्या पुस्तिकेत मुलींच्या जन्मतारखा जायच्या आहेत. या परवानगीच्या फॉर्मांवरून एकदा ताडून बघता? अठराच आहेत.”

त्यांनी पहिला फॉर्म उघडला. तारीख पाहायची होती, पण ज्याची नजर चाळीस वर्षं ओळीमागून ओळ चालली ती तारखेवर थांबते थोडीच? ‘...भाग घेण्यास माझी कोणतीही हरकत असून, तिला होणाऱ्या...’

अनुस्वारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. असून.

“बाई,” ते म्हणाले. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. “बाई, हा फॉर्म कोणी तयार केला?”

“तयार कोण करतंय? जुन्याची कॉपी. त्याच्या आधीच्याने त्याच्या आधीच्याची केली असेल. का हो, काही चुकलंय?”

“इथे लिहिलंय की घरच्यांची हरकत आहे.”

कारकूनबाईंनी वाकून वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्या खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. “अगंबाई! म्हणजे इतकी वर्षं सगळ्या आईबापांची हरकत, आणि पोरी खेळतायत! काका, हे वाचतं कोण? मुलीला जाऊ द्यायचं की नाही ते घरात ठरतं. ठरलं की माणूस सही कुठे करायची तेवढं बघतो.”

अनुस्वार हसले नाहीत. ते एकेक फॉर्म उलटत गेले. कोणाची सही लफ्फेदार, कोणाची धडपडत काढलेली, एका ठिकाणी नुसता अंगठा. असून, असून, असून. सतराव्या फॉर्मपर्यंत असून. अठरावा टिटवीचा होता.

त्यावर ‘असून’मधल्या ‘अ’ला एक तिरकी रेघ मारलेली होती. बाजूच्या समासात ‘न’ लिहिला होता, आणि ‘न’च्या पुढे पुन्हा एक छोटी तिरकी रेघ.

ही दुसरी रेघ कोणी उगाच मारत नाही. ती छापखान्याची रीत आहे. समासातलं अक्षर इथे संपलं, असं जुळवणाऱ्याला सांगण्यासाठी ती असते. अनुस्वार तरुणपणी सुट्टीत गावी जाताना तपासायचे कागद बरोबर नेत, आणि आठ वर्षांची धाकटी त्यांच्या कोपराशी बसून विचारी, “दादा, मी मारू रेघ?” “मार. पण दुसरी विसरू नकोस.” खाली सहीची ओळ डावीकडे जमिनीवर सुरू होऊन उजवीकडे माळ्यावर चढली होती.

“हा घेतलात तुम्ही?” त्यांनी विचारलं. “खाली लिहिलं आहे, खाडाखोड चालणार नाही.”

“ती आजी होय! एकटीच खुसपट काढणारी निघाली बघा. घेतला की. मुलगी गोलात काय उभी राहते पाहिलंत ना? एका रेघेपायी परत पाठवू तिला?”

अनुस्वार फाइल तशीच टाकून मैदानात गेले. सराव चालू होता. ते कधी कोणाला हाक मारत नसत, आज मारली. टिटवी धावत आली, हातमोजे तसेच, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत.

“काय झालं? बरं नाही का तुम्हाला?”

“तुझ्या फॉर्मवर ती खूण... आजी काही म्हणाली का, करताना?”

“ती ना? फॉर्म वाचला आणि एकदम हसली. मग पेन मागितलं. मी म्हटलं आजी, खाडाखोड चालत नाही, तर म्हणाली, ‘तुझ्या मामाआजोबांनीच शिकवलंय मला हे. एवढंच करायचं असतं.’”

“एवढंच करायचं असतं,” अनुस्वार म्हणाले.

“हो. आणि म्हणाली, त्यांनी एकदा या अक्षरापायी संघटनेला केवढं मोठं पत्र लिहिलं होतं, तिला नंतर तिथल्या साहेबांनी दाखवलं होतं म्हणे. फार सुंदर पत्र होतं म्हणाली. एकही चूक नव्हती.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. सेहेचाळीस वर्षं ठाऊक होतं. ‘कसा आहेस, दादा?’ म्हणताना ठाऊक होतं.

“मामाआजोबा, तुम्ही ते उत्तर पाठवलंत ना?” टिटवीने विचारलं. “आज बुधवार. आज टाकलं तरच शनिवारी सकाळी तिला मिळेल.”

“तुझा तो एक पास दे,” अनुस्वार म्हणाले.

ते घरी आले तेव्हा तीन वाजून गेले होते. टपालाची शेवटची थैली चारला निघायची. टेबलावरच्या अकरा कागदांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शब्दकोश उतरवला, ‘ह’ काढला. पत्रासोबतचा फॉर्म पिवळा पडला होता आणि घडीवर जरा फाटला होता, पण अक्षर न अक्षर जागेवर होतं. तो आणि एक पाकीट घेऊन ते निघाले. जिन्यावर शेजारीण म्हणाली, “आज घाईत?” तर ते “हो” म्हणून पुढेही गेले, एरवी त्यांनी घाईबद्दल माफी मागितली असती.

टपाल कचेरीत दोऱ्याने बांधलेलं पेन होतं. जगातल्या सगळ्या दोऱ्याने बांधलेल्या पेनांप्रमाणे ते उमटत नव्हतं. खिडकीमागची बाई शिक्के मारण्यात गढलेली, भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला नऊ मिनिटं. त्यांनी खिसा चाचपला. खिशात लाल पेन होतं. लालच असणार, दुसरं त्यांच्या खिशात कधी असे?

त्यांनी फळीवर फॉर्म पसरला. ‘अ’ला तिरकी रेघ मारली. समासात ‘न’ लिहिला. दुसरी रेघ विसरले नाहीत. ‘नाते’ या रकान्यात लिहिलं: थोरला भाऊ. तारीख आजची घातली. सही केली, ती थोडी माळ्याकडे गेली. मग फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:

‘तुझं पत्र मिळालं. त्यात एकही चूक नव्हती. ये. दादा.’

घडी घातली, आत पास ठेवला, पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला. पत्ता शोधावा लागला नाही. आजवर एकही पत्र टाकलं नसलं तरी तो त्यांना पाठ होता.

बाहेर पेटीशी आल्यावर मात्र पाय अडले. खाडाखोड केलेला फॉर्म, तोही लाल शाईत. अधिकृत कागदावर लाल शाई चालत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शिवाय घाईत ‘मिळालं’वरचा अनुस्वार दिला की राहिला, तेही आठवेना. नेमका तोच राहिला असेल तर! उघडून पाहावं का? घरी जाऊन निळ्या पेनाने, नव्या कागदावर, नीट...

थैली घेऊन येणारा टपालवाला शेजारी येऊन उभा राहिला. “टाकताय का काका, की उघडू पेटी?”

“टाकतो,” अनुस्वार म्हणाले, आणि टाकलं.